उतरवलेल्या निशाणांचे बिल्ले

बंदरात उभ्या असलेल्या नौदलाच्या जहाजावर सकाळी आठ वाजता निशाण चढतं आणि सूर्यास्ताला उतरतं. माझी सगळी नोकरी याच कामाभोवती गेली. मी सिग्नलचा खलाशी. दोऱ्या, झेंडे आणि दिव्याचे इशारे, एवढंच माझं जग होतं. आता निवृत्त होऊन मानोऱ्याला राहतो. समुद्र इथून जवळपास पाचशे किलोमीटर. माझ्याकडे कोटाला लावायचे पाच बिल्ले आहेत, पाचही भारतीय नौदलाच्या निशाणांचे. त्यांतली चार निशाणं आज कुठल्याही जहाजावर चढत नाहीत. देशाने रीतसर उतरवलेल्या निशाणाचा बिल्ला छातीवर लावावा का? त्यात काही पावित्र्य उरलेलं असतं का? उरलं असेल तर ते कशात असतं, कापडात, रंगात, की आणखी कुठे? हा प्रश्न मला धर्माचा वाटतो, म्हणून तो नीट मांडायचा प्रयत्न करतो आहे.

आधी बिल्ले. पहिला १९५० चा. २६ जानेवारी १९५० ला देश प्रजासत्ताक झाला तेव्हा नौदलाच्या पांढऱ्या निशाणाच्या कोपऱ्यातला ब्रिटिशांचा युनियन जॅक गेला आणि तिथे तिरंगा आला. मधला लाल क्रॉस मात्र राहिला. तो सेंट जॉर्जचा क्रॉस. मी भरती झालो तेव्हा हेच निशाण होतं, आणि चिल्क्याच्या नौदल प्रशिक्षण केंद्रात मी पहिला सलाम याच निशाणाला केला. दुसरा बिल्ला १५ ऑगस्ट २००१ चा. क्रॉस काढून तिथे नौदलाचं निळं मानचिन्ह बसवलं होतं. हे निशाण तीन वर्षंही टिकलं नाही. मागे निळं आकाश, खाली निळा समुद्र आणि मधे निळं चिन्ह, त्यामुळे लांबून ते ओळखू येईना, अशी जहाजांवरून तक्रार आली. मी स्वतः दुर्बिणीतून ते निशाण शोधलं आहे, म्हणून त्या तक्रारीतला प्रत्येक शब्द मला पटतो. २५ एप्रिल २००४ ला क्रॉस परत आला आणि या वेळी त्याच्या मध्यावर अशोकस्तंभाचे सिंह बसले. तो तिसरा बिल्ला. २०१४ मध्ये सिंहांच्या खाली देवनागरीत ‘सत्यमेव जयते’ आलं, तो चौथा. आणि २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत नवी विक्रांत नौदलात दाखल झाली त्या दिवशी क्रॉस कायमचा गेला. त्या जागी सोनेरी काठाचा निळा अष्टकोन आला. त्यात सिंह, नांगर आणि वरुणाने आमचं कल्याण करावं अशा अर्थाचं नौदलाचं ब्रीद. अष्टकोन छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला आहे. हा पाचवा.

प्रत्येक बिल्ला अंगठ्याच्या नखाएवढा. पितळी पत्र्यावर रंग भरलेला, मागे दोन पाकळ्यांचा चिमटा. २००४ च्या बिल्ल्यातले सिंह म्हणजे सोनेरी ठिपका, भिंगाखाली धरला तरी चेहरे दिसत नाहीत. २०१४ च्या बिल्ल्यात ‘सत्यमेव जयते’च्या जागी नुसती एक बारीक निळसर रेघ आहे. माहीत नसलेल्या माणसाला हे दोन बिल्ले एकच वाटतील. मला वाटत नाहीत, कारण एकेका निशाणाखालची माणसं मला आठवतात.

प्रजासत्ताक दिनी तहसीलच्या झेंडावंदनाला माजी सैनिक ब्लेझर घालून जातात. मीही जातो. अशाच एका २६ जानेवारीला माझ्या कॉलरवर २००४ चा बिल्ला होता. झेंडावंदन आटोपल्यावर पुतण्या जवळ आला. पोरगा वाचणारा आहे, स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. म्हणाला, “काका, हा क्रॉस आता कायले लावता? गुलामीची निशाणी म्हणून काढला ना तो? मंग आपणच छातीवर मिरवाव का?”

पंतप्रधानांनी कोचीत तसंच सांगितलं होतं. क्रॉस गेला याचं मला दुःख नाही. जायलाच हवा होता, आणि २००१ मध्ये गेला तेव्हाच कायमचा गेला असता तरी मी हरकत घेतली नसती. पण पोराच्या प्रश्नात आणखी एक प्रश्न दडलेला होता. ती निशाणी गुलामीची असेल, तर तिच्याखाली मी दिलेली वर्षं कशाची? आणि माझं सोडा, त्याच निशाणाखाली जे बुडाले ते कशासाठी बुडाले?

क्रॉसपासूनच सुरुवात करतो. सेंट जॉर्ज हा इंग्रज नव्हता. त्याने इंग्लंड पाहिलंही नव्हतं. परंपरा सांगते ती अशी की तो रोमन सैन्यातला शिपाई होता आणि सन ३०३ च्या सुमारास, ख्रिस्ती श्रद्धा सोडायला नकार दिला म्हणून, पॅलेस्टाइनमधल्या लिद्दा गावी त्याला मारलं गेलं. केरळात त्याच्या नावाची मोठमोठी चर्च आहेत. माझा एक केरळी सोबती होता, त्याच्या आजोबांचं नाव गीवर्गीस, म्हणजे जॉर्जच. त्याला तो क्रॉस घरचा वाटे. आमच्याबरोबर रत्नागिरीकडचा एक मुसलमान खलाशी होता. त्याची कित्येक पिढ्यांची होडी दर्यात, आणि त्याला क्रॉस म्हणजे फक्त ‘आपलं जहाज’ एवढंच कळे. आणि मी बंजारा, तांड्यावरचा, लॉकरमध्ये आमचे संत सेवालाल महाराज यांचा फोटो ठेवणारा. सकाळी आठला आम्ही तिघं एकाच दोरीपाशी उभे असायचो. निशाण वर जाताना कुणाच्या मनात कोणता देव होता हे कुणी कुणाला विचारलं नाही.

तरीही मी त्या क्रॉसबद्दल भोळा नव्हतो. माझ्या समाजाला इंग्रजी राज्याने काय दिलं हे मला लहानपणापासून माहीत आहे. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य घेऊन मुलूखभर फिरायचे. किनाऱ्यावरचं मीठ वऱ्हाडातल्या भाकरीपर्यंत आणणारे लमाण ते आम्हीच. रेल्वे आली, मिठावर सरकारी पकड बसली आणि तांड्याची वाट बंद झाली. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, आणि तो शिक्का आमच्यातल्या अनेकांवर बसला. स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये तो पुसला, म्हणून आम्ही आज ‘विमुक्त’ म्हणवले जातो. हे सगळं माहीत असलेला माणूस क्रॉस असलेल्या निशाणाला सलाम करत होता. का, ते दोन तारखांवरून सांगतो.

१८ फेब्रुवारी १९४६. मुंबईत कुलाब्याला ‘तलवार’ नावाचं नौदलाचं सिग्नल प्रशिक्षण केंद्र होतं. माझ्याच शाखेचं. तिथल्या भारतीय खलाशांनी खराब जेवण आणि अधिकाऱ्याच्या अर्वाच्य शिव्या यांविरुद्ध काम बंद केलं. दोन-तीन दिवसांत ही आग अठ्ठ्याहत्तर जहाजांवर आणि सुमारे २०,००० खलाशांपर्यंत पोचली. कराचीपर्यंत, कलकत्त्यापर्यंत. त्या पोरांनी पहिलं काय केलं असेल तर जहाजांवरचं ब्रिटिश निशाण खाली ओढलं. त्या जागी काँग्रेसचा तिरंगा, मुस्लिम लीगचा हिरवा आणि कम्युनिस्टांचा लाल, असे झेंडे चढवले. बाहेरच्या राजकारणात एकमेकांना सहन न करणारे तीन झेंडे त्या आठवड्यात एका काठीवर होते. मुंबईच्या रस्त्यांवर गोळीबारात दोनशेहून जास्त माणसं गेली. २३ फेब्रुवारीला, पुढाऱ्यांच्या सांगण्यावरून, खलाशांनी हत्यार टाकलं. अनेकांची नोकरी गेली, आणि देश स्वतंत्र झाल्यावरही नौदलाने त्यांना परत घेतलं नाही. त्यांचं स्मारक आज कुलाब्याला आहे.

युनियन जॅक असलेल्या त्या जुन्या निशाणाचा बिल्ला मुंबईत मला मिळत होता. मी तो घेतला नाही. त्याच निशाणाखाली दुसऱ्या महायुद्धात आपली पोरं मेली, त्यांचा अपमान मी करणार नाही. पण ते निशाण त्याखाली उभं राहिलेल्यांनीच, शुद्धीवर असताना, किंमत मोजून खाली ओढलं. त्यांच्या त्या कृतीचा मान राखायचा तर ते माझ्या कोटावर चढता कामा नये.

आता दुसरी तारीख. ९ डिसेंबर १९७१, दीवच्या समुद्रात रात्रीची वेळ. पाकिस्तानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने आपलं ‘खुकरी’ जहाज बुडालं. अठरा अधिकारी आणि एकशे शहात्तर खलाशी गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. माणसं पाण्यात उतरवत राहिले आणि जहाजाबरोबर खाली गेले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. त्या जहाजाचं निशाण १९५० चं. तिरंगा कोपऱ्यात आणि मधे तोच लाल क्रॉस.

चित्रकाराच्या नजरेने पाहिलं तर १९४६ चा क्रॉस आणि १९७१ चा क्रॉस यांत काही फरक नाही. रंग तोच आणि रेघा त्याच. पण १९४६ मध्ये तो खाली ओढणं हा धर्म होता, आणि १९७१ मध्ये त्याखाली उभं राहणं हा धर्म होता. मग तो क्रॉस मुळात पवित्र की अपवित्र? मला वाटतं हा प्रश्नच चुकीच्या ठिकाणी विचारलेला आहे. रेघेत काही नसतं. कुणाच्या हुकमाने, कशासाठी, कुणाच्या रक्षणाला माणूस त्याखाली उभा राहिला, यावरून ते ठरतं. १९४६ चा खलाशी दुसऱ्याच्या राज्यासाठी उभा होता. खुकरीवरचा खलाशी स्वतःच्या देशासाठी उभा होता.

आपल्या धर्मात याला नीट जागा आहे. आपण मातीचा गणपती करतो. आधी ती फक्त माती असते. आवाहन होतं, प्राणप्रतिष्ठा होते, मग ती माती राहत नाही. तिच्यापुढे आवाजही हळू होतो. उत्तरपूजा झाली की मूर्ती जागची जरा हलवतात, आणि त्या क्षणापासून तिची पूजा संपते. आमच्या अरुणावती नदीच्या पाण्यात ती विरघळते. देव नित्य आहे आणि मूर्ती ठरावीक दिवसांची आहे हे गावातल्या लहान पोरालाही कळतं. परदेशी माणसाला हे उमजायला जड जातं, आपल्याला जात नाही, कारण आपण दर भाद्रपदात ते हाताने करतो.

जहाजावर हे रोज व्हायचं. आठला पाच मिनिटं कमी असताना तयारीचा झेंडा चढतो. मागच्या डेकवर माणसं रांगेत उभी राहतात. आठ ठोके पडतात, शिट्टी होते, सगळे सावधान. मी हॅलयार्ड, म्हणजे निशाणाची दोरी, सारख्या वेगाने ओढायचो. झटका नाही, मधे थांबणं नाही. त्या घटकाभरात डेकवर कुणी चालत नाही, कुणी बोलत नाही. आणि सूर्यास्ताला तेवढ्याच शांतपणे ते खाली यायचं. खाली आलं की मी कापड हातात घ्यायचो, जमिनीला लागू न देता. निशाणाचं मोकळं टोक वाऱ्याने आधी विरतं. प्रथम शिवणीचा एक धागा सुटतो, मग बोटभर झालर लोंबू लागते. क्रॉसची आडवी लाल पट्टी त्या टोकापर्यंत गेलेली असायची, म्हणून झीज आधी लाल रंगात दिसायची. घडी घालताना बोटांना मीठ लागायचं. माझ्या पूर्वजांनी ज्या मिठासाठी बैल हाकले तेच मीठ.

फार विरलं की निशाण बदलायचं. तिरंग्याबाबत ध्वजसंहिता सांगते की खराब झालेला ध्वज एकांतात, शक्यतो जाळून, मान राखून नष्ट करावा. हे विसर्जनच आहे. त्याची पूजा संपलेली असते, पण म्हणून कुणी त्याने टेबल पुसत नाही. गणेश विसर्जनानंतर दुसऱ्या दिवशी नदीकाठी अर्धवट मूर्ती पडलेल्या दिसतात तेव्हा आपल्या पोटात तुटतं. शास्त्राप्रमाणे त्यात देव उरलेला नाही, हे माहीत असूनही तुटतं. ते तुटणं योग्य आहे. पूजा संपली तरी आदर संपत नाही. पुतण्याला माझं पहिलं उत्तर हेच होतं. क्रॉसच्या निशाणाची उत्तरपूजा २०२२ मध्ये झाली. आता त्याला सलाम करू नये, जहाजावर चढवू नये, परत आणा म्हणून भांडू नये. पण ‘गुलामीची निशाणी’ म्हणून त्यावर थुंकूही नये, कारण त्यात खुकरी आहे.

या विचाराला एक अडचण आहे, ती टाळता येत नाही. सेवा करणाऱ्यांच्या निष्ठेने निशाण पवित्र होतं असं म्हटलं, तर जपानचं काय? किरणांचा लाल सूर्य असलेलं जपानी नौदलाचं निशाण १८८९ चं. महायुद्धात हरल्यावर ते गेलं आणि १९५४ मध्ये परत आलं. जपानी खलाशी त्याला मनापासून मानतो, त्याच्या निष्ठेत खोट नाही. पण कोरियातल्या म्हाताऱ्या माणसाला त्या किरणांत आपल्या गावावरचा जुलूम दिसतो. २०१८ मध्ये दक्षिण कोरियाने जेजू बेटाजवळच्या आरमार संचलनात ते निशाण नको म्हटलं, तर जपानने जहाज पाठवणंच रद्द केलं. म्हणजे त्याखाली उभं राहणाऱ्याची साक्ष पुरत नाही. त्याच्या समोर उभं राहावं लागलेल्याचीही साक्ष घ्यावी लागते. मी हे मान्य करतो. आपल्या नौदलाच्या निशाणांना ही दुसरी साक्षही तपासता येते, आणि मला वाटतं ती निशाणं त्या तपासात टिकतात. १९५० पासून आजवर त्यांखाली आपण कुणाचा देश बळकावून वसाहत केलेली नाही.

मानोरा तालुक्यात राहणाऱ्या माणसाने निशाणाबद्दल लिहावं आणि पोहरादेवीचं नाव काढू नये, हे शक्य नाही. पोहरादेवी आमची काशी. सेवालाल महाराजांची समाधी तिथे आहे. रामनवमीला देशभरातून बंजारा समाज लोटतो. बंजाऱ्यांच्या देवळापुढे दोन झेंडे असतात, जगदंबेचा लाल आणि सेवाभायाचा, म्हणजे सेवालाल महाराजांचा, पांढरा. २०२३ मध्ये पोहरादेवीला प्रचंड उंचीचा सेवाध्वज उभा राहिला, आणि २०२४ मध्ये नंगाऱ्याच्या आकाराचं बंजारा विरासत संग्रहालय सुरू झालं.

मी सिग्नलचा माणूस असल्यामुळे त्या पांढऱ्या झेंड्याने मला वेगळंच शिकवलं. समुद्रावर पांढरं निशाण म्हणजे लढाई थांबली, गोळी झाडू नका. पोहरादेवीला पांढरं निशाण म्हणजे सेवाभाया आपल्यात आहे. दोन्ही अर्थ मी मनापासून पाळले. एकाने दुसऱ्याला खोटं ठरवलं नाही. ज्या समाजाजवळ कधी राज्य नव्हतं, किल्ला नव्हता, फौज नव्हती, त्याने कोरं पांढरं कापड उंच धरलं आणि त्यात सगळं पाहिलं. चिन्ह जितकं साधं तितकी पाहणाऱ्यावर जबाबदारी जास्त. त्यावर सिंह नाही, नांगर नाही, अक्षर नाही. जे काही आहे ते तुमच्या वागण्यात दिसायला हवं.

चिल्क्याला निघालो त्या पहाटे याडीने, म्हणजे आईने, मला एक गोष्ट सांगितली होती. आमच्यात ती पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. एकदा एक परदेशी जहाज किनाऱ्यावर अडकून पडलं. सेवाभायाने ते सोडवलं. खलाशांनी त्यांना मोती दिले, आणि म्हणून त्यांचं एक नाव मोतीवाळो. इतिहासकार या गोष्टीचं काय करतील ते करोत. याडीने जन्मात समुद्र पाहिला नव्हता, आणि पोरगा समुद्रावर चालला होता. तिच्या दृष्टीने सेवाभाया तिथे आधीच जाऊन आलेले होते. ते जहाज कुणाचं होतं, त्यावर कोणता झेंडा होता, कोणता क्रॉस होता, हे तिच्या गोष्टीत कुठेच नाही. अडकलेलं जहाज सोडवायचं असतं, एवढंच आहे.

आता बिल्ल्याकडे येतो. निशाण आणि बिल्ला यांत मोठा फरक आहे. निशाणाला आवाहन आहे आणि विसर्जन आहे, चढण्याची वेळ आहे आणि उतरण्याची आहे. बिल्ल्याला काहीच नाही. तो दुकानात मिळतो. तो कधी चढला नाही, म्हणून उतरतही नाही. लग्नाला लावा, बाजारात लावा, कुणी विचारणार नाही. कमरेच्या खाली कपड्यावर वापरू नये असं कायदा सांगतो, तेही तिरंग्याबाबत. मग बिल्ल्यात काय आहे?

आमच्या गल्लीत एका पोराकडे बजाजची ती मोटरसायकल आहे, २०१६ मध्ये आलेली, जिच्यात जुन्या विक्रांतचं पोलाद वितळवून वापरलंय. जुनी विक्रांत ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झाली, बरीच वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, आणि २०१४ मध्ये भंगारात गेली. हा पोरगा रोज सकाळी गाडी पुसताना टाकीला हात लावून कपाळाला लावतो. काही लोकांना ते जाहिरातीला भुलणं वाटतं. मला वाटत नाही. १९७१ मध्ये पूर्व किनाऱ्यावर जे जहाज लढलं त्याचं काहीतरी मानोऱ्याच्या गल्लीत आहे, आणि एक तरुण त्याला नमस्कार करतो, यात मला सुंदर वाटतं. पण पुढचा प्रश्न मी त्याला विचारला होता. त्या टाकीला हात लावून तू गाडी कशी चालवतोस? दारू पिऊन चालवतोस का? सिग्नल तोडतोस का? तो म्हणाला, “काका, या गाडीवर तं नाही.” मला उत्तर मिळालं. पोलादाने त्याला बांधून घेतलं होतं.

वारकरी तुळशीची माळ घालतो तेव्हा हेच होतं. पंढरपुरात माळ काही रुपयांना मिळते. लाकडाचे मणी आणि दोरा. पण ती गळ्यात आली की मांसाहार बंद, दारू बंद, एकादशी आली, वारी आली. माळ कुणालाही विकत घेता येते. ती घातल्यावर मात्र तिच्यासारखं वागावं लागतं. न वागता घातली तर गावच विचारतं, माळ कायले घातली रे? बिल्ल्याचं पावित्र्य मी इथे ठेवतो. तो देव नाही, मूर्ती नाही, निशाणही नाही. तो नेम आहे. जो लावतो त्याने काहीतरी पाळायचं कबूल केलेलं असतं. म्हणून नौदलात न गेलेल्या माणसाने नौदलाच्या निशाणाचा बिल्ला लावू नये, असं मी म्हणत नाही. कुणीही लावावा. फक्त त्या दिवसापासून त्याच्याकडून काही मागितलं गेलं तर त्याने पाठ फिरवू नये.

आपल्या देशाने हे फार पूर्वी ओळखलं होतं. १९४९ पासून ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वज दिन असतो. त्या दिवशी छातीवर टाचणीने लावायला कागदाचा छोटा झेंडा मिळतो. लाल, गडद निळा आणि फिकट निळा असे तीन पट्टे, म्हणजे भूदल, नौदल आणि वायुदल. तो विकत मिळत नाही. तुम्ही वीरपत्नींसाठी, जखमी जवानांसाठी, माजी सैनिकांसाठी निधीत काही टाकता आणि तो तुमच्या छातीवर येतो. लहानपणी शाळेत गुरुजी तो लावायचे तेव्हा मधला गडद निळा पट्टा कशाचा हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या तांड्याला तेव्हा नौदल म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. आज माझ्या पाच पितळी बिल्ल्यांपेक्षा तो कागदाचा झेंडा मला श्रेष्ठ वाटतो. कच्च्या रंगाचा, संध्याकाळपर्यंत चुरगळणारा. देणं आणि लावणं त्यात एकाच वेळी होतं, म्हणून.

पुतण्याला मी बिल्ला काढून दाखवला आणि ही सगळी गोष्ट सांगितली. तो क्रॉसवर समाधानी झाला असं मी म्हणणार नाही. त्याने विचारलं की नवा अष्टकोनाचा बिल्ला कायले लावत नाही. मी सांगितलं की त्या निशाणाखाली मी एकही दिवस उभा राहिलो नाही, माझ्या हातांनी ते कधी चढवलं नाही. ज्या पोरांनी चढवलं ते निवृत्त होऊन मानोऱ्याला येतील तेव्हा ते लावतील. माझ्याकडे तो आहे, जपून आहे, आणि तुला नौदलाचा अर्ज भरायचा असेल तर तो तुझा.

वाचकांना एवढंच सांगायचं आहे. ७ डिसेंबरला शाळेत, तहसीलमध्ये, पंचायत समितीत ध्वजदिनाचा निधी गोळा होईल, तेव्हा हात आखडता घेऊ नका. आणि आपल्या गावात कुणा जवानाची विधवा राहत असेल तर तिच्या घरी एकदा जाऊन या. पेन्शन चालू राहायला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो आता सैनिकी पेन्शनच्या ‘स्पर्श’ प्रणालीवर ऑनलाइन भरतात, आणि शेतात राबलेल्या म्हाताऱ्या बोटांचा ठसा यंत्रावर उमटत नाही. मानोरा तालुक्यात कुणाचं हे काम अडलं असेल तर तिला माझ्याकडे पाठवा. कागद मी भरून देतो.